स्टोरीबोर्डर: गोव्यात फ्रीलान्स काम करणाऱ्याला हे फुकटचे सॉफ्टवेअर कितपत पुरते?

वंडर युनिटचे ‘स्टोरीबोर्डर’ फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. गोव्यात बसून स्टोरीबोर्डची, म्हणजे शूटिंगआधी प्रत्येक शॉट चित्राच्या चौकटींत (पॅनेलांत) मांडून देण्याची कामे स्वतंत्रपणे घेऊ पाहणाऱ्याने पहिले सॉफ्टवेअर हेच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते कशासाठी वापरायचे आणि कशासाठी त्याच्या वाटेला जायचे नाही, हे आधी कळले पाहिजे. ते न कळल्यामुळे ‘यात चित्र सुबक येत नाही’ म्हणून चार दिवसांत ते काढून टाकणारे पुष्कळ.

गोव्यात हे काम मिळते ते बाहेरून शूटिंगला येणाऱ्या जाहिरातपटांच्या युनिटांकडून, इथल्या लाइन प्रोड्यूसरांकडून (म्हणजे बाहेरच्या युनिटांची स्थानिक व्यवस्था आणि खर्च सांभाळणाऱ्यांकडून), हॉटेल-रिसॉर्टवाल्यांकडून आणि म्युझिक व्हिडिओ किंवा लघुपट करणाऱ्या मंडळींकडून. त्यांना लागणारे बोर्ड तीन तऱ्हेचे असतात. शूटिंग बोर्ड काळापांढरा आणि कच्चा चालतो, पण कॅमेरा कुठे आहे आणि माणूस कुठून कुठे जातो हे त्यात चोख दिसावे लागते. जाहिरात एजन्सीचा प्रेझेंटेशन बोर्ड रंगीत, चेहरे-कपडे नीट काढलेला, क्लायंटसमोर ठेवायचा. आणि अ‍ॅनिमॅटिक म्हणजे तीच पॅनेल वेळेवर बसवून, आवाज टाकून केलेला व्हिडिओ. स्टोरीबोर्डर शूटिंग बोर्डाला आणि अ‍ॅनिमॅटिकला उत्तम आहे. प्रेझेंटेशन बोर्डाला नाही. दर सांगतानाही या तिघांची भेळ करू नका. रंगीत पॅनेलला कच्च्या पॅनेलच्या कितीतरी पट वेळ जातो आणि ‘बोर्ड करून द्या’ एवढ्याच फोनवर दर ठरवला की नुकसान चित्रकाराचेच होते.

उघडल्यावर पडदा अगदी साधा दिसतो. मध्ये चौकट, खाली पॅनेलांची पट्टी, बाजूला वेळ, संवाद, कृती आणि टिपा यांचे रकाने. चित्र काढायला फिकट पेन्सिल, पेन्सिल, पेन, ब्रश, टिपांचे पेन आणि खोडरबर. ‘एन’ दाबले की नवे पॅनेल. फोटोशॉपमध्ये असतात तसे हवे तेवढे लेयर इथे मिळत नाहीत, ठरलेले तेवढेच. ज्याला रेष पॉलिश करत बसायची सवय आहे त्याला हे खटकेल, पण शूटिंग बोर्डासाठी हीच चांगली शिस्त आहे. एका पॅनेलवर तासभर घालवण्याची सोयच ठेवलेली नाही.

माउसने हे काम होत नाही, पेन टॅब्लेट हवाच. वॅकॉम इंट्युअस स्मॉलसारखा छोटा, सुमारे १५२ बाय ९५ मिमी चित्रक्षेत्राचा टॅब्लेट सुरुवातीला भरपूर झाला. हुईऑन आणि एक्सपी-पेनचेही चालतात. विंडोजवर हमखास येणारी अडचण म्हणजे पेन कितीही दाबा, रेष एकाच जाडीची राहते. कारण बहुतेक वेळा एकच असते, टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये ‘विंडोज इंक’ बंद केलेले असते. अनेक जण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामसाठी ते बंद करतात आणि विसरून जातात. स्टोरीबोर्डरला पेनाचा दाब त्याच वाटेने कळतो, तेव्हा ते चालू ठेवा. आणि रेष ओढायच्या आधी टोकाशी गोल वर्तुळ येऊन पेन अडखळत असेल, तर विंडोजच्या पेन सेटिंगमधली दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय बंद करा.

या सॉफ्टवेअरचा खरा गुण वेळेच्या रकान्यात आहे. समजा ३० सेकंदांची जाहिरात आहे. संध्याकाळची वेळ, एक मुलगी रायबंदरच्या धक्क्यावरून स्कूटरसकट फेरीबोटीत चढते आणि चोडणला उतरते. नवे पॅनेल आपोआप दोन सेकंदांचे धरले जाते. तुम्ही उत्साहाने १८ पॅनेल काढलीत की प्ले केल्यावर ३६ सेकंद होतात आणि सहा सेकंद कुठे कापायचे हा प्रश्न कागदावरच उभा राहतो. धक्क्याचा रुंद शॉट तीन सेकंद मागतो, कारण प्रेक्षकाला नदी, बोट आणि रांग तिन्ही वाचायचे असते. चाक रॅम्पवर चढते तो क्लोजअप एका सेकंदात पुरा होतो. बोट सुटल्यावर वारा लागून तिचा चेहरा सैलावतो, त्याला अडीच सेकंदांखाली गेलात तर जाहिरातीचा जीवच जातो. हे सगळे दिग्दर्शकासोबत बसून पाच मिनिटांत ठरवता येते, म्हणून कामही लवकर पास होते. एक काळजी घ्या. सॉफ्टवेअर सेकंदाला २४ फ्रेम गृहीत धरते आणि आपल्याकडे जाहिरातपट बरेचदा २५ वर असतात. ३० सेकंदांचे ७२० की ७५० फ्रेम, हे एडिटरला फाइल देण्याआधी विचारून घ्या.

याच सीनमध्ये चित्रकाराचे ज्ञान कुठे लागते तेही दिसते. रायबंदर मांडवीच्या दक्षिण काठावर आणि चोडण उत्तरेला, म्हणजे बोट उत्तरेकडे जाते आणि मावळता सूर्य मुलीच्या डाव्या हाताला, पणजीच्या बाजूला असतो. कॅमेरा तिच्या उजवीकडे ठेवून पश्चिमेकडे पाहिले तर ती पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते, मागे उजळ आकाश आणि चेहरा सावलीत. सोनेरी ऊन चेहऱ्यावर हवे म्हणून कॅमेरा बोटीच्या दुसऱ्या बाजूला नेला की ती उजवीकडून डावीकडे जाऊ लागते. म्हणजे तिच्या जाण्याच्या दिशेची कल्पित रेषा कॅमेऱ्याने ओलांडली, आणि एडिटमध्ये बोट मध्येच मागे फिरल्यासारखी वाटणार. दोन्ही शॉट हवे असतील तर मध्ये नाकासमोरचा किंवा थेट पाठीमागचा एक शॉट घालावा लागतो. सॉफ्टवेअर याची सूचना देत नाही. म्हणून प्रत्येक सीनच्या पहिल्या पॅनेलच्या टिपेत उत्तर दिशेचा बाण आणि शूटिंगची वेळ लिहायचीच. फेरीबोट जुनी की नवी रो-रो (एका टोकाने गाडी चढून दुसऱ्या टोकाने उतरते ती), हेही रेकीच्या, म्हणजे शूटिंगआधीच्या जागापाहणीच्या वेळी बघून घ्या, कारण डेकची रचना बदलली की तुमचे सगळे कोन बदलतात. किनाऱ्यावरच्या सीनलाही हाच नियम. गोव्याचे बहुतेक समुद्रकिनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा समुद्राकडे बघणारा कॅमेरा सकाळी पाठीवर ऊन घेतो आणि संध्याकाळी सूर्याच्या तोंडावर असतो. भरती-ओहोटीने वाळूचा पट्टा किती उरतो तेही पाहून ठेवा. रुंद वाळूवर काढलेला ट्रॉली शॉट भरतीच्या वेळी मारता येत नाही.

शॉट जनरेटर हा भाग आधीच्या आवृत्त्यांत नव्हता, आणि तो एकट्यासाठीही सॉफ्टवेअर घ्यावे असा आहे. त्यात त्रिमितीय माणसे, वस्तू आणि कॅमेरा मांडता येतात, लेन्सचे मिलिमीटर निवडता येतात आणि तयार झालेली चौकट पॅनेलमध्ये आणून तिच्यावर रेषा काढता येतात. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्लीतला सीन घ्या. भिंतीला टेकून उभी बाई, पूर्ण उंचीचा शॉट, समोरून. डोक्यावर-पायाखाली थोडी जागा धरून चौकटीत दोन मीटर उंची मावायला हवी. सिनेमा कॅमेऱ्यांतल्या नेहमीच्या सुपर ३५ सेन्सरची १६:९ मधली उंची साधारण १४ मिमी. ५० मिमी लेन्स लावली तर कॅमेरा सुमारे सात मीटर मागे जायला हवा. गल्लीत तेवढी जागाच नाही. २४ मिमीला साडेतीन मीटरच्या आत काम होते. मग शॉट बसतो, पण भिंतीच्या कडा कलतात आणि बाईचा देह कडेला गेला तर ताणला जातो. हे बोर्डातच दिसले तर डीओपी (छायाचित्रण दिग्दर्शक) दुसरा कोन सुचवतो. नाही दिसले तर शूटिंगच्या सकाळी पंचवीस माणसे गल्लीत उभी राहून चर्चा ऐकतात. गल्लीची रुंदी रेकीला टेपने मोजा आणि शॉट जनरेटरमध्ये तेवढ्याच अंतरावर दोन भिंती उभ्या करा. नुसत्या फोटोवरून काढलेला बोर्ड इथे हमखास फसतो, कारण मोबाइलची रुंद लेन्स गल्ली आहे त्यापेक्षा मोठी दाखवते.

शॉट जनरेटरची एक सवय मात्र वाईट लागते. त्यातली माणसे लाकडी बाहुल्यांसारखी उभी राहतात आणि नवशिका चित्रकार तीच जशीच्या तशी गिरवतो. चौकट आणि अंतर तिथून घ्या, शरीराची लकब स्वतःच्या हाताने काढा. आणि कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हा भाग रखडतो, तेव्हा एका सीनमध्ये माणसांची गर्दी करू नका.

पटकथा थेट आत आणता येते, फाउंटन (साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची पद्धत) किंवा फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधून. मराठी-कोंकणीत लिहिणाऱ्यांना इथे अडचण आहे. फाउंटन पद्धतीत पात्राचे नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखले जाते, देवनागरीत तो भेदच नाही. म्हणून सीनचे मथळे आणि पात्रांची नावे रोमन कॅपिटलमध्ये ठेवावीत, संवाद देवनागरीत राहिले तरी चालतील. पीडीएफ काढण्याआधी एका पॅनेलमध्ये ‘त्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘र्‍या’ अशी जोडाक्षरे टाकून चाचणी घ्या. अक्षरे तुटत असतील किंवा चौकोन येत असतील तर संवाद टिपांच्या पेनाने हातानेच चौकटीत लिहिणे हा खात्रीचा मार्ग. हस्ताक्षर वाचता येण्यासारखे असावे एवढेच.

आता सगळ्यात जास्त भांडणे ज्यावरून होतात ते. पॅनेलला ‘न्यू शॉट’ची खूण केली की सॉफ्टवेअर १ए, १बी, २ए असे क्रमांक स्वतःच देते. पहिला ड्राफ्ट गेला, फर्स्ट एडीने (मुख्य सहायक दिग्दर्शकाने) त्यावरून शॉट लिस्ट आणि दिवसाचे वेळापत्रक केले, आणि मग दिग्दर्शकाने चौथ्या शॉटनंतर एक नवा शॉट घुसवायला सांगितला. तुम्ही पॅनेल घातलेत की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. कालचा ७ए आज ८ए होतो आणि सेटवर दोन माणसे दोन वेगळ्या शॉटबद्दल एकाच क्रमांकाने बोलू लागतात. यावर उपाय साधा आहे. पहिला ड्राफ्ट मंजूर झाला की प्रत्येक पॅनेलच्या टिपेत आपला पक्का क्रमांक हाताने लिहायचा, नंतर आलेल्या शॉटला ‘४-अ’ म्हणायचे, काढून टाकलेल्या शॉटचा क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, आणि सॉफ्टवेअरच्या क्रमांकाकडे दुर्लक्ष करायचे. बदललेल्या पॅनेलवर कोपऱ्यात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवा’ अशा नावांच्या फाइली फिरू लागल्या की कुणी जुनाच बोर्ड छापून आणणार हे नक्की.

बदलांचा हिशेब कोटेशनमध्येच बांधून घ्यावा लागतो. दोन फेऱ्यांचे बदल दरात, त्यापुढे प्रत्येक पॅनेलचे वेगळे पैसे. रेषा सुधारणे हा बदल आणि सीनच नवा लिहिला गेला तर ते नवे काम. नव्या क्लायंटकडून अर्धी रक्कम आधी घ्या. काम कुठल्या वापरासाठी आहे, हक्क कुणाचे आणि जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर पॅनेल पोर्टफोलिओत ठेवता येतील का, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचे ‘हो हो, चालेल’ कुणालाच नंतर आठवत नाही. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, तेव्हा पॅन क्रमांक बिलावर असू द्या आणि कापलेली रक्कम तुमच्या नावे जमा झाली का ते तपासत जा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेकांना ती लागू होत नाही.

चौकटीचे प्रमाण प्रोजेक्ट सुरू करतानाच निवडावे लागते: २.३९, १.८५, १६:९, उभी ९:१६, चौरस वगैरे. रिसॉर्टवाल्यांना हल्ली आडवी फिल्म आणि उभी रील दोन्ही हवी असते. १६:९ चौकटीतून पूर्ण उंचीची उभी ९:१६ कापली तर रुंदीतला मधला जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. जलतरण तलावाच्या दोन टोकांना बसलेले जोडपे रीलमध्ये येतच नाही, फक्त पाणी येते. म्हणून उभ्या रीलसाठी वेगळी फाइल करून महत्त्वाचे शॉट नव्याने काढा आणि त्याचे पैसे वेगळे लावा. तेवढे बजेट नसेल तर प्रत्येक आडव्या पॅनेलवर उभ्या चौकटीच्या दोन फिकट रेषा मारून कृती त्यांच्या आत ठेवा.

पीडीएफ, व्हिडिओ, जिफ आणि प्रीमिअर, फायनल कट, अ‍ॅविडसाठीच्या फाइली असे सगळे बाहेर काढता येते. सेटवर छापून न्यायच्या पीडीएफला ए४ आडवा कागद, तीन रकाने, दोन ओळी, म्हणजे पानावर सहा पॅनेल ठेवा. एक पॅनेल साधारण ८८ मिमी रुंद येते आणि हातभर अंतरावरून वाचता येते. पानावर बारा पॅनेल बसवून कागद वाचवणाऱ्यांचा बोर्ड सेटवर कुणी बघत नाही. जून ते सप्टेंबरात इंकजेटवर छापलेला बोर्ड दमटपणाने आणि हाताच्या घामाने फुटतो; लेझर प्रिंट काढा आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरात घाला. ड्रोनचा शॉट रंगवण्याआधी जागा विचारा. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे आणि त्याच्या आसपास ड्रोन सहज उडवू देत नाहीत. जुन्या गोव्यातली बॉम जीझस बासिलिका आणि से कॅथेड्रल पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथला शॉट परवानगीवर अवलंबून असेल तर पर्यायी पॅनेल काढून ठेवलेले बरे.

पर्यायांबद्दल थोडक्यात. क्रिटामध्ये ५.० आवृत्तीपासून स्टोरीबोर्डची सोय आली आहे, तेही फुकट आहे आणि रंगीत प्रेझेंटेशन बोर्डासाठी स्टोरीबोर्डरपेक्षा खूप सरस. आयपॅड असेल तर प्रोक्रिएटमध्ये चित्र सुरेख होते, पण संवाद आणि वेळेचे रकाने नाहीत, ते सगळे दुसरीकडे जोडत बसावे लागते. अ‍ॅनिमेशन स्टुडिओची कामे हवी असतील तर टून बूमचे स्टोरीबोर्ड प्रो शिकल्यावाचून गत्यंतर नाही, कारण ते स्टुडिओ फाइलही त्यातलीच मागतात. पण पगारी किंवा दीर्घ काम हातात येण्याआधी त्याचे सबस्क्रिप्शन भरू नका. स्टोरीबोर्डरचा मोठा दोष असा की त्याचा विकास गेली काही वर्षे थंडावला आहे. उद्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ते अडले तर दुरुस्ती लगेच येईल याची हमी नाही. इन्स्टॉलरची प्रत जपून ठेवा आणि काम चालू असताना लॅपटॉप अपडेट करू नका.

पोर्टफोलिओ याच सॉफ्टवेअरमध्ये करावा असे मी सुचवेन, कारण काम देणारा सुटी चित्रे बघत नाही, त्याला सीन कसा पुढे सरकतो ते बघायचे असते. तीन सीन पुरेत, प्रत्येकी ८ ते १२ पॅनेलांचे: एक दोघांच्या संवादाचा, एक धावपळीचा, एक वस्तूच्या जाहिरातीचा. त्यातल्या एकाचा अ‍ॅनिमॅटिक व्हिडिओही करा. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो आणि एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार २००७ पासून. नोव्हेंबरात निर्माते-दिग्दर्शक आपल्या दारात येतात. त्यांच्याशी बोलताना मोबाइलवर एक मिनिटाचा अ‍ॅनिमॅटिक दाखवा, त्याने वीस पानांच्या पीडीएफपेक्षा जास्त काम होते. वर्षभराची कामे मात्र तिथून कमी आणि लाइन प्रोड्यूसर व सहायक दिग्दर्शकांच्या ओळखीतून जास्त येतात. बोर्ड वेळेवर देणाऱ्याचा नंबर तेच पुढच्या युनिटला देतात.

शेवटची गोष्ट फाइल सोपवण्याची. प्रोजेक्टच्या फोल्डरात एक मुख्य फाइल आणि तिच्या शेजारी ‘इमेजेस’ नावाचे फोल्डर असते. मुख्य फाइलमध्ये फक्त वेळ, संवाद आणि क्रम असतो, चित्रे त्या फोल्डरात. एकटी मुख्य फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की समोरच्याला पांढरी पॅनेल दिसतात आणि तुमचे काम अर्धवट आहे असा त्याचा समज होतो. पूर्ण फोल्डर झिप करून पाठवा, आतल्या फाइलींची नावे बदलू नका, आणि रोज काम संपल्यावर त्याच झिपची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर टाका. पावसात वीज खेळ करते, डेस्कटॉप वापरत असाल तर यूपीएस जोडा आणि प्रत्येक सीन झाला की फाइल सेव्ह करा.